आपला माणूस खुर्चीत बसला, पुढं काय?

चौकात फ्लेक्स लागलाय. वर बुद्ध, फुले, बाबासाहेब अंगठ्याएवढे. त्यांच्या खाली एका माणसाचं भलंमोठं तोंड, गळ्यात साखळी, कानाला मोबाईल, आणि पिवळ्या अक्षरांत 'शिक्षणमहर्षी'. माणूस आपलाच आहे. भेटला की कडक जयभीम घालतो. दोन आश्रमशाळा, एक ज्युनियर कॉलेज, एक बंद पडलेलं डी.एड. कॉलेज अशी त्याची इस्टेट. त्याच्याच शाळेतलं सातवीचं पोरगं त्या फ्लेक्सखाली उभं राहून अक्षरं लावतंय. 'शि'पर्यंत येतं. 'क्ष' काय त्याला लागत नाही.

मित्रांनो, हा अंक त्या पोराच्या बाजूनं उभा राहून काढलाय.

भटशाहीच्या आणि शेटजींच्या शाळांना शिव्या घालायला आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. ते आपल्या बापानं केलं, आपण केलं, पुढंही करू. पण गेल्या पन्नास वर्षांत एक गोष्ट बदलली. आपल्यातले काही जण आत गेले. कुणी हेडमास्तर झाला, कुणी प्राचार्य, कुणी गटशिक्षणाधिकारी, कुणी विद्यापीठाच्या सिनेटवर, कुणी सरळ संस्थाचालक. ह्या खुर्च्या काही आभाळातून पडल्या नाहीत. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळेला मारलं. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, आणि तेही नामविस्तार म्हणून. सोळा वर्षं लोकांनी लाठ्या खाल्ल्या, जेलं भोगली, घरं गमावली. आज कुठल्याही कॉलेजात खुर्चीवर बसलेल्या आपल्या माणसाच्या बुडाखाली त्या घरांची राख आहे. त्यानं ती झटकून बसावं की आठवून बसावं, हा आमचा सवाल आहे.

आणि हा सवाल फक्त त्यालाच नाही. हे वाचणाऱ्यांतले निम्मे उद्या मास्तर होणार. काही जण आत्ताच तासिका तत्त्वावर तीन तीन कॉलेजं पालथी घालतायत, काही जण विहारात अभ्यासिका चालवतायत, कुणी दहावीच्या पोरांना फुकट गणित शिकवतंय. दहा पोरांसमोर खडू घेऊन जो उभा राहिला तो पुढारी झालाच. मग त्यानं कसं वागावं हे आपण कधी बोललो? मोर्चा कसा काढावा, बंदोबस्त कसा फोडावा, पोलीस ठाण्यात काय बोलावं हे सगळं आपल्याला पाठ आहे. वर्गात काय करावं ते मात्र ज्याचं त्यानं बघावं, असं आपलं चाललंय.

आधी रोग कुठून आला तो बघू. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडून दिलं. साखर कारखान्याच्या चेअरमननं उसाबरोबर पोरंही गाळायला घेतली. शिक्षणसम्राट हा शब्द मराठीत रुळला. जरा ऐका तो शब्द : सम्राट! शिक्षणाला सम्राट कशाला लागतो? आणि आपल्या माणसानं काय केलं? त्या सम्राटाचा मुकुट ओढून फेकायचा सोडून त्याच मापाचा एक मुकुट शिवायला टाकला, फक्त निळ्या कापडाचा. मास्तरच्या जागेला पैसे घ्यायची रीत त्यानं जशीच्या तशी उचलली. वर म्हणायचं, समाजाचा आहेस म्हणून तुला कमी सांगतोय. शिक्षकभरतीतला हा बाजार थांबावा म्हणून २०१७ मध्ये सरकारला पवित्र पोर्टल काढावं लागलं. 'पवित्र' हे नाव ज्यानं ठेवलं त्याच्या विनोदबुद्धीला आमचा सलाम. त्यानंतरही २०२५ मध्ये नागपुरात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलंच.

आईचं डोरलं मोडून, शेताचा तुकडा विकून जो मास्तर झाला तो पहिली दहा वर्षं आपलं कर्ज शिकवतो, पोरांना नाही. म्हणून पहिली अट ही की शाळेतली नोकरी विकणारा आपला नाही. त्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो केवढा आहे ते आम्ही मोजणार नाही.

आता मुद्द्यावर येऊ. शाळेतला पुढारी ओळखायचा असेल तर त्याचं १४ एप्रिलचं भाषण ऐकायला जाऊ नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच्या कॉलेजात जा आणि स्कॉलरशिपच्या खिडकीसमोर तासभर उभे राहा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे, आपल्यातल्या बहुतेकांच्या आजोबाच्या वयाची. तरी खिडकीतला क्लार्क ती आपल्या खिशातून द्यायची असल्यासारखं तोंड करतो. पोर्टल बंद आहे. उत्पन्नाचा दाखला जुना आहे. आधार बँकेला जोडलेलं नाही. कॉलेज कोड चुकला. उद्या ये. परवा ये. पोरगी नालासोपाऱ्याहून गाडीला लटकून आलेली असते, आई धुणीभांडी करते, बापाचा एक दिवसाचा रोज तहसीलच्या रांगेत बुडालेला असतो. आणि फी? 'आधी भर, स्कॉलरशिप आली की परत देऊ.' हे वाक्य ऐकून किती पोरं त्या पायरीवरून माघारी गेली याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही. त्यांच्या नावापुढं 'प्रवेश रद्द, वैयक्तिक कारण' लिहिलेलं असतं.

ह्या खिडकीच्या आत आपला माणूस प्राचार्य म्हणून बसला असेल आणि खिडकी तशीच चालत असेल, तर त्याचं काय करायचं? त्याला सत्काराला बोलवायचं? शाल द्यायची? प्राचार्यानं महिन्यातला एक दिवस तरी स्वतः त्या खिडकीत बसावं. क्लार्कच्या खुर्चीत. कुठला कागद कुठं अडतो, कोण अडवतं, कशासाठी अडवतं हे त्याला चार तासांत कळेल. समाजकल्याणच्या ऑफिसात फोन त्यानं लावावा, पोरीनं नाही. साहेबानं साहेबाला फोन केला की फाईल कशी चालते हे सगळ्यांना माहीत आहे. तेवढ्यासाठीच तर त्याला तिथं पाठवलाय.

दुसरी गोष्ट वर्गातली. मास्तर आत येतो आणि ओरडतो, "स्कॉलरशिपवाले उभे राहा!" आठ-दहा पोरं उभी राहतात. बाकीचे बघतात. एवढंच होतं. कुणी शिवी दिली नाही, कुणी मारलं नाही, ॲट्रॉसिटी लागत नाही. पण त्या मिनिटापासून वर्गाचे दोन वर्ग झाले. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसायचे. मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात ते फळ्याकडं निघाले तर पोरं ओरडली, कारण फळ्यामागं त्यांचे जेवणाचे डबे होते. आज गोणपाट नाही, फळ्यामागं डबेही नाहीत. "उभे राहा" आहे. आणि ते आपलाच मास्तर म्हणतो तेव्हा जास्त लागतं, कारण तोही कधीतरी असाच उभा राहिलेला असतो. यादी कार्यालयातून घेता येते. पोराला बाजूला बोलावून हळूच सांगता येतं. एवढी साधी अक्कल वापरायला कुठल्या क्रांतीची वाट बघायची?

तिसरी गोष्ट न येणाऱ्या पोराची. हजेरी घेणारा मास्तर 'हजर' ऐकतो. पुढाऱ्यानं गैरहजर ऐकावं. १८४८ साली जोतिरावांनी भिडेवाड्यात शाळा काढली, सावित्रीबाई तिथं शिकवायला उभ्या राहिल्या. शेणाच्या गोळ्यांची गोष्ट आपण दर ३ जानेवारीला सांगतो. पोरं शाळा सोडू नयेत म्हणून त्यांना पैसे देण्याची तजवीज सावित्रीबाईंनी केली होती, ही गोष्ट कमी सांगतो. उपाशी पोराला सुविचार सांगून तो टिकत नाही हे त्या बाईला कळलं होतं. आज ते पोर कुठं असतं? ऊसतोडीच्या टोळीबरोबर दिवाळीच्या सुमारास गेलेलं असतं, ते एकदम उन्हाळ्यात परततं. वीटभट्टीवर असतं. मुंबईत-पुण्यात नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बापाचं पोर खोलीचं भाडं थकलं की वस्तीसकट हलतं, शाळेला पत्ताच राहत नाही. पोरगी घरात धाकट्याला सांभाळत बसलेली असते. मास्तरनं त्या दारात जावं. एकदा नाही, चारदा. आपल्यातल्या काही मास्तरांना ही वस्तीच आता वास मारते. फ्लॅट झाला, गाडी झाली, पोरगं इंग्रजी शाळेत गेलं. व्हा ना मोठे, कुणी अडवलंय? पण वस्तीचा रस्ता विसरलात तर मग वस्तीच्या नावावर खुर्ची तरी मागू नका.

आग्र्याला १९५६ च्या मार्चमध्ये बाबासाहेब शिकलेल्या लोकांबद्दल काय बोलले ते सगळ्यांनी ऐकलंय, वाचलंय. त्यांनी ज्यांच्यावर भरवसा ठेवला ते शिकून आपल्या पोटाला लागले, हे त्यांना सलत होतं. आपण ते वाक्य दुसऱ्याला ऐकवायला वापरतो. ते मास्तरच्या खोलीत, मास्तर स्वतः बघेल अशा भिंतीवर लावायला पाहिजे.

इथं जोतिरावांचं एक ऐका. १८८२ ला हंटर आयोगापुढं त्यांनी निवेदन दिलं. सरकारच्या तिजोरीत पैसा कष्टकऱ्याच्या घामाचा येतो आणि खर्च वरच्यांच्या उच्च शिक्षणावर होतो, असं त्यांनी गोऱ्या साहेबाला तोंडावर सांगितलं. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणाले. शिक्षक शेतकरी वर्गातून आलेले असावेत, पोरांत मिसळणारे असावेत, असं त्यांनी मागितलं. मास्तर कुठल्या घरातून आला यावर पोराचं भवितव्य ठरतं हे त्यांनी तेव्हाच हेरलं होतं. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करून टाकलं, आणि १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरांना सगळ्यांच्या शाळेत घालायचा हुकूम काढला. राजा असून हे केलं. आपल्या हेडमास्तरला साधा ठराव मांडायला भीती वाटते.

कारण आज उलटी गाडी चाललीय. वीसपेक्षा कमी पटाच्या सरकारी शाळा गुंडाळून समूह शाळेत ओढायचा बेत २०२३ मध्ये पुढं आला. तीन मैलांवरच्या शाळेत पोरगा एक वेळ सायकलवर जाईल, पोरगी घरी बसेल, हे कागद काढणाऱ्याला कळत नाही असं कोण म्हणेल? २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला आरटीईच्या २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. म्हणजे गरिबाच्या पोराला बड्या शाळेचं गेटच बंद. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई हायकोर्टानं तो बदल रद्द केला. कोर्टात लोक गेले म्हणून झाला. ह्या सगळ्या काळात आपले किती प्राचार्य, किती शिक्षणाधिकारी, किती संस्थाचालक तोंड उघडून बोलले? नोकरीत आहोत, बोलता येत नाही, असं म्हणतील. ठीक आहे, भाषण नका करू. पण वरून मागवलेल्या अहवालात खरं तर लिहा! पट किती, पोरं कुठून येतात, रस्त्यात नाला किती, पोरी किती गळतील. खरा अहवाल लिहिणं हीसुद्धा आज बंडखोरी झालीय.

आता जरा औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, चला. १९५० साली बाबासाहेबांनी तिथं कॉलेज काढलं. पुढं त्याला मिलिंद हे नाव दिलं आणि त्या आवाराला नागसेनवन. त्यांना हजार नावं सुचली असती. मिलिंद कोण? ग्रीक राजा, मिनँडर. भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडणारा. नागसेनानं त्याला सुरुवातीलाच अट घातली होती : पंडितासारखा बोलणार असशील तर बोलू, राजासारखा बोलणार असशील तर नाही. राजाला आपलं म्हणणं खोडलेलं चालत नाही, तो शिक्षा देतो. पंडिताचं म्हणणं खोडलं तरी तो रागावत नाही, परत विचारतो. मिलिंदानं अट मान्य केली. बाबासाहेबांनी कॉलेजाला नाव दिलं ते ह्या विचारणाऱ्याचं. आमच्या माहितीत अशी दुसरी शाळा नाही जिच्या नावातच 'विचार' असा हुकूम आहे.

आणि आपल्या संस्थांत काय चालतं? होस्टेलच्या मेसचा हिशेब विचारला की पोरगं नक्षलवादी. लायब्ररी पाचला बंद का होते विचारलं की इंटर्नलचे मार्क कापले. ग्रंथालयाच्या पैशातून कपाटं आली, पुस्तकं कुठायत विचारलं की बापाला बोलावून घेतात, आणि बाप हात जोडून उभा. हे सवर्ण संस्थेत झालं तर आपण मोर्चा नेतो. आपल्या माणसाच्या संस्थेत झालं की म्हणतो, घरातलं आहे, मिटवून घ्या. का मिटवायचं? राजासारखं बोलणारा आपला असला तरी तो राजाच. प्रश्न विचारणाऱ्या पोराचं नाव ज्यानं लक्षात ठेवलं ते त्याला कुठल्या कमिटीवर घेण्यासाठी, तो चांगला पुढारी. ज्यानं त्याचा काटा काढण्यासाठी ठेवलं तो पेशवा.

हे सगळं किरकोळ वाटत असेल तर दोन नावं आठवा. रोहित वेमुला, हैदराबाद, १७ जानेवारी २०१६. पाच जणांना होस्टेलमधून बाहेर काढलं होतं, त्यांतला तो एक. डॉ. पायल तडवी, मुंबई, मे २०१९. दोघांच्या मागं दोन आया उरल्या. २०१९ मध्ये त्या दोघी मिळून सुप्रीम कोर्टात गेल्या. कॉलेजांत, विद्यापीठांत जातिभेद होतो, तो थांबवायची यंत्रणा खरोखर चालवा म्हणून. जे काम कुलगुरूंचं, डीनचं, प्राचार्यांचं, ते पोरं गमावलेल्या दोन बायांना करावं लागलं. देशभरातल्या एवढ्या शिकल्या-सवरलेल्या साहेबांना झोप कशी लागते? तक्रार निवारण समितीचा बोर्ड प्रत्येक कॉलेजात आहे. त्यावर ज्यांची नावं आहेत त्यांना जाऊन विचारा, शेवटची बैठक कधी झाली. चेहरे बघा.

बायांचा विषय निघालाच आहे तर चळवळीतल्या पुरुषांनी जरा कान इकडं करावेत. मुक्ता साळवे, मांगाची पोर, फुल्यांच्या शाळेत शिकली. १८५५ ला तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. मांग-महारांच्या दुःखावर तिनं लिहिलं, धर्मालाच जाब विचारला. शाळेत गेल्याला तिला जेमतेम काही वर्षं झालेली. तो निबंध कपाटात पडून राहिला नाही, हे बघा. आपल्या स्नेहसंमेलनाच्या अंकात पोरींचं काय छापतो आपण? रांगोळीचे फोटो. अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी, म्हणजे पोरांची. पोरींना साताला घरी जायचं असतं, संडास कुलपात असतो, किल्ली वॉचमनकडं. ज्या अभ्यासिकेत पोरी येत नाहीत तिच्या पाटीवर सावित्रीबाईंचं नाव लावायचा हक्क आपल्याला कुणी दिला? सिद्धार्थ कॉलेज १९४६ ला निघालं तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले होते. ज्याला शिकायचंय त्याच्या घड्याळाप्रमाणं कॉलेजचं घड्याळ लावलं होतं. पोरींच्या घड्याळाप्रमाणं आपण एक खोली उघडी ठेवू शकत नाही?

पैशाचं थोडक्यात. कर्मवीर भाऊरावांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची. ती उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने घातले, मंगळसूत्रसुद्धा. आजच्या संस्थाचालकाच्या बायकोच्या अंगावर बोर्डिंगातल्या पोरांचं धान्य चमकतं. हिशेब दरवर्षी भिंतीवर लावा, मोठ्या अक्षरांत, मराठीत, आईबापांना कळेल असा. आणि पोरगा, सून, जावई यांना ट्रस्टी करायचं असेल तर ट्रस्ट नका म्हणू, दुकान म्हणा. १९४५ साली बाबासाहेबांनी स्वतः काढलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या खुर्च्यांसाठीसुद्धा आपले गट कोर्टात भांडत राहिले, याहून जास्त आम्ही काय लिहावं? लिहायला घेतलं तर हात थरथरतो.

काही मित्र म्हणतील, आपल्याच माणसांवर एवढं तोंडसुख का? शत्रू हसेल. हसू दे. तो आपण गप्प बसलो तरी हसतोच. आणि आपल्यात धडपडणारे मास्तर नाहीत असं आम्ही कुठं म्हटलंय? आहेत. पगारातून पोरांची परीक्षा फी भरणारे आहेत, रविवारी वस्तीत येऊन इंग्रजी शिकवणारे आहेत, चौकशी लागली तरी खोटा पट न लावणारे आहेत. त्यांचे फ्लेक्स लागत नाहीत. लावलेले त्यांना आवडणारही नाहीत. त्यांना ह्या लेखात काही नवीन सापडणार नाही, ते वाचून पान उलटतील आणि कामाला लागतील. लेख त्यांच्यासाठी नाहीच.

जूनमध्ये शाळा उघडतील. त्याआधी प्रत्येक छावणीनं आपापल्या वस्तीची यादी करायची आहे. सहा ते अठरा वयाचं कोण शाळेत नाही, कधीपासून नाही, शेवटची शाळा कोणती, दाखला कुणी अडवलाय, फी किती थकलीय, पोरगी असेल तर घरात तिच्याकडं काम काय. घरोघर जाऊन, वहीत, पेनानं. फोनवरून विचारून भरलेली यादी चालणार नाही. दोघांनी मिळून जायचं, त्यांतली एक पोरगी पाहिजे, नाहीतर आया खरं सांगत नाहीत. यादी झाली की ती घेऊन आपल्या ओळखीच्या प्रत्येक हेडमास्तरकडं, प्राचार्याकडं, संस्थाचालकाकडं जाऊ. आधी आपल्या माणसांकडं. एकेक नाव वाचून दाखवू आणि विचारू, याचं काय करता? कोण काय म्हणाला ते पुढच्या अंकात खुर्चीच्या नावासकट छापू. चहा पाजला तर तेही छापू.

वह्या कार्यालयात ठेवल्यात. घेऊन जा.